पडद्यामागचं पाणी

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या, एक पोरीला मांडीवर घेतलेली आई आणि एक गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र अडकवलेल्या बाई.

“हिच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय म्हणे. न्हाऊ घालताना माझंच लक्ष नसणार.”

“आमच्याकडे उंदरांची एक जात आहे. त्यांच्याही कानात असंच साचतं. का साचतं, तेच तर आम्ही शोधतो.”

“त्यांना अंघोळ कोण घालतं?”

“उंदरांना? कुणीच नाही.”

“मग पाणी येतं कुठून?”

“आतूनच झिरपतं. पडदा शाबूत असला की बाहेरचा थेंब पलीकडे जात नाही.”

“अगं बाई! आणि मी इतके दिवस हिला नुसती पुसून काढतेय.”

“आमच्या त्या जातीत तर जन्मतःच दोष असतो.”

“आईकडून आलेला?”

“एकट्या आईकडून नाही. बापाकडूनही यावा लागतो, तरच. उंदरांचं सांगतेय हं, माणसांचं डॉक्टर सांगतील.”

“उंदरांचंच सांगा, पण जरा मोठ्यानं. समोर चष्मा लावून बसल्यात ना, त्या आमच्या सासूबाई.”

समोरून आवाज आला, “ऐकलं गं. माझे कान धड आहेत. आज न्हाऊ मी घालते तिला.”