पाच बोटे कुंकू

वणीच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक नंदकिशोर शेजारच्या बाकावरचे बोलणे ऐकत होते. तेथे शेतकरी पुंडलिकराव आणि अंगठा भाजलेला सुधाकर मिस्त्री बसले होते. पुंडलिकरावांची मुलगी सुरभी उद्या आजोबांच्या जुन्या मोटारीतून सासरी जायची होती आणि सिलिंडरांना ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्युटर सुधाकरने काढून बसवल्यापासून मोटार सुरू होत नव्हती.

“डिस्ट्रिब्युटर काढाच्या आधी तुनं खूण केलती ना?”

“केलती, भाऊ. कुंकवाचं एक बोट लावलं. मंग वहिनीनं इंजिनाची पूजा केली. आता पाच बोटं हायेत.”

“त्यातलं तुयं कोणतं?”

“सारेच सारखे दिसते. त्यातलं एक धरून डिस्ट्रिब्युटर बसवला, तं कार्बोरेटरातून भडका आला.”

नंदकिशोरांनी मनोमन शक्यता मांडली: आता उरलेल्या चारात एक.

“दुसरा काही उपाय?”

“हाय ना. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढाचा आन् भोकावर अंगठा ठेवाचा. इंजिन हातानं फिरवलं का हवा अंगठा ढकलते. तिथूनच हिशेब लागते.”

“मंग आधी काहून नाही केलं?”

“कुंकू सोपं वाटलं. आता अंगठाच भाजला.”

“माहा लाव.”

“तुमचं पोट आडवं येते, भाऊ. हात तिथवर जाणार नाही. वहिनीचा हात बारीक हाय.”

“तिले कोणत्या तोंडानं सांगू? सकाळीच म्हटलं, पुन्हा इंजिनाले हात लावशीन तं याद राख.”

“मंग सुरभीले एसटीत बसवा.”

पुंडलिकरावांनी फोन काढला. मग बायकोला लावला.

“अवो, ऐकता काय? जेवल्या का तुम्ही?”