अजून एकच खोली

— नाही, हवा सोडणार नाही. तुम्ही पुढचं दार उघडा नाहीतर मागं टपालाच्या पोत्यांवर बसवा, पण कमरेची ही रबरी ट्यूब फुगलेलीच राहणार. सकाळी कॉफी झाल्यावर फुगवायला बसले, आता एवढा दम पुन्हा आणू कुठनं? आणि समुद्रावर पोचल्यावर फुगवू म्हटलं की झालंच — नंतर! या कूबर पेडीत मी ‘नंतर’ ऐकत ऐकतच म्हातारी झाले, अहो. हसा, हसा. कोटाच्या आत पोहण्याचा पोशाखसुद्धा आहे. आणि पोहता येतं मला. आमच्या मागच्या खोलीत स्टुलावर पोट टेकून शिकले — हात असे, पाय असे — बुडाले एकदाच, स्टुलाचा पाय मोडला तेव्हा.

पायाखाली थरथरतंय ना? ते तुमचं इंजिन नाही, बंद करून बघा. — बघा. तो आमचा वेल्को, माझा नवरा, खोदतोय. तुमची गाडी उभी आहे ते आमचं छप्पर. नवीन दिसता या वाटेवर, आधीचा ड्रायव्हर छपरावर गाडी आणायचा नाही. राहू द्या, पडत नाही. उन्हाला भिऊन अर्धं गाव जमिनीखालीच राहतं. आता गावात ओपलच्या खड्यांसाठी खाण खोदायला बंदी, पण घराला खोली वाढवायला कोण नको म्हणतो? म्हणून सगळे खोल्याच वाढवतात. आम्ही माणसं दोन, आणि खोल्या — एकदा पाहुणा आला होता, न्हाणीघर शोधायला म्हणून उठला तो थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात निघाला. त्यांनी जेवायला वाढलं त्याला.

सर्बियातनं इथं ऑस्ट्रेलियात लग्नाला म्हणून आले, तेव्हा विमानातनं खाली नुसतं निळं निळं दिसलं होतं. आमच्या गावाला समुद्र नाही. वेल्को घ्यायला आला, त्याला पहिलं हेच विचारलं — ते निळं कधी दाखवणार? म्हणाला, दानित्सा, भिंतीत रंग लागला की त्याच आठवड्यात. रंग म्हणजे ओपल हो. वर्षं गेली, रंग काही लागेना. मग मीच लावला. म्हणजे — हे कुणाकडं बोलू नका — तो स्ताव्रोस आहे ना, खडे घेतो-विकतो, त्याच्याकडनं एक छानसा खडा आणला, भिंतीत भोक पाडून बसवला, वरनं माती लिंपली. म्हटलं, माणूस खूश होईल, सामान बांधेल. झाला की खूश! धावत वर आला, मला उचलून गरगर फिरवलं आणि म्हणाला, दानित्सा, इथं ओपलची मोठी शीर आहे, अजून एकच खोली. खडा विकला स्ताव्रोसलाच. मला वाटलं, लहान पडला असेल, म्हणून मोठा आणला. पुन्हा एकच खोली. तिसऱ्या खेपेला निरखून बघते तर स्ताव्रोसनं मला आमचाच पहिला खडा दिलेला! तेव्हापासून तोच फिरतोय — वेल्को काढतो, स्ताव्रोस घेतो, मी आणते, मी लावते. आणि तो मेला स्ताव्रोस वर विचारतो, दानित्साबाई, पुढच्या महिन्यात खडा लागेल ना? अर्धं घर मीच खोदून घेतलं म्हणायचं. समुद्राला जायचं म्हणून.

तर आज वेगळं केलं. माझे कान बघा — एकाच कानात कानातलं आहे. लग्नातलं. हा खडा त्यानं स्वतःच्या हातानं घासलाय माझ्यासाठी, आत माशाच्या शेपटीसारखी हिरवी रेघ आहे बघा. याच्या जोडीचा आज भिंतीत आहे. तो त्याला ओळखू यायलाच हवा. ओळखला तर वर येईल, आणि आला तर दोघं जाऊ — म्हणून तर मघापासून तुम्हाला बोलण्यात गुंतवलंय, नाहीतर पोत्यांवर कधीच बसले असते. मागं दोघं मावतील ना? त्याचाही पोशाख घेतलाय. लग्नाच्या वेळच्या मापाचा आहे, पोट काही जायचं नाही त्यात, पण घेतलाय.

थांबा. — थांबलं. कळलं का? पाय टेकवून बघा, काहीच नाही. सापडला त्याला. थुंकी लावून पुसला असेल, दिव्यापाशी धरला असेल... वर चढायला वेळ लागतो हो, गुडघे धरतात त्याचे. घड्याळ बघू नका. ते दार हलल्यासारखं — नाही, वारा. पण येईल. हिरवी रेघ आहे त्यात, त्यानंच म्हटलं होतं, हा मासा तुझा, याला एक दिवस —

हं.

सुरू झालं.

नाही, मला काही झालेलं नाही. चला, काढा गाडी. मी मागं बसते, ट्यूबसकट. आणि मागं घेताना जरा बेतानं — तुमच्या चाकाशेजारी तो पाइप वर आलाय ना, तेवढा चुकवा. त्याला खाली हवा तिथनंच जाते.