नव्या बाई

पाटसच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेल्या राजश्रीला मागच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं. एक आजी आणि एक म्हातारे गुरुजी बोलत होते.

“गुरुजी, तुम्ही रिटायर झाला हुता ना?”

“झालो हुतो, झुंबरबाई. सरकारनं परत बोलावलं, कंत्राटावर. शाळेला मास्तरच न्हाई म्हणल्यावर काय करता?”

“आन् गुडघं?”

“डॉक्टर म्हणतो, बसून ऱ्हावा. एका खोलीत चार वर्ग, बसू कवा?”

“त्या सरकारी योजनेतनं थोड्या दिसांसाठी आलेल्या बाई लई चांगल्या हुत्या.”

“त्यांची मुदत संपली. आज दुसऱ्या यायच्यात.”

“आमची वैष्णवी त्या गेल्यापासनं शाळेचं नाव काढत न्हाई. रोज रडून घर डोक्यावर घेती.”

राजश्री मागं वळली.

“आजी, शिंदेवस्तीची शाळा का? मी तिथंच रुजू व्हायला निघालेय.”

झुंबरबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं.

“किती दिस हाय तुम्ही, बाई?”

“सहा महिने.”

“मंग एवढं करा. शिकवा चांगलं, पर पोरीला लई जीव लावू नका.”