तलवारीचा वार

खुर्चीवरनं आठवलं. आमच्या भोरच्या घरात ती जुनी सागवानी खुर्ची आहे ना, तिच्यावर आबांशिवाय, म्हणजे माझ्या वडलांशिवाय, कुणी बसायचं नाही. ती पणजोबांना संस्थानच्या दरबारातून मिळाली, असं आबा सांगतात. येईल त्याला तिच्या उजव्या हातावरचा खोल वार दाखवतात. तलवारीचा.

परवा धाकट्या भावासाठी वेल्ह्याकडची मंडळी घर बघायला आली. स्थळ आबांच्या आजोळच्याच गावचं. चहा झाला आणि आबांनी सवयीनं वार दाखवला. मुलीची आजी उठली, वार बोटानं चाचपला आणि म्हणाली, "तलवार कसली, पाव्हणं. म्या नवी नवरी हुते तवा नारळ सोलताना माझा कोयता बसला हितं. सासरं लई बोललं हुतं."

आबांचा चेहरा पांढराफटक. "म्हंजे? ही खुर्ची..."

"आमचीच की. तुमच्या वडलांचं लगीन आमच्या गावात झालं. नवरदेवाला बसवायला आमच्याकडनं मागून नेली. वऱ्हाड भोरला गेलं, त्येच्यासंगं खुर्ची बी गेली."

आई चहाचा ट्रे धरून दारातच थिजली. आबा कसेबसे म्हणाले, "टेम्पो बोलावतो. आजच घेऊन जावा."

आजी निवांत त्या खुर्चीत बसली. "ऱ्हाऊ द्या. पोरगा पसंत हाय आमाला. फकस्त नातीला माहेरपणाला बोलावली, की तिला तेवढी येळेवर धाडा."