बिनधुराचं धुरांडं

…आता तुम्हीच सांगा, ज्या वस्तूला हातच लावायचा नाही ती वस्तू माणसानं मुद्दाम बनवून घ्यायची कशाला? पण हे कौतिकरावांना सांगणार कोण? नाही, सांगितलं, त्यांच्या बायकोनं सांगितलं, मनकर्णाबाईंनी, भाकरीचं पीठ मळता मळता सांगितलं, 'अहो, मोतीलालभाऊजी मळ्यात पळाट्या रचून ठेवणार आहेत, त्यावर वांगी मस्त भाजतील, तुम्ही कशाला त्या नळकांड्याच्या नादी लागता?' तर कौतिकराव टोपी झटकत म्हणतात, 'तुला नाही कळायचं. ते आपोआप पेटतं. फक्त हात लावायचा नाही.'

तुम्हाला सांगतो, गोष्ट सत्तावन्न सालच्या हिवाळ्यातली. नवा मध्यप्रदेश होऊन वर्ष झालं होतं. तोवर आमच्या बऱ्हाणपूरचा कागद नागपूरला जायचा, आता भोपाळला जायला लागला, आणि कागद गेला तर जाऊ द्या हो, पण भोपाळनं माणसंही मागितली. ग्वाल्हेर-इंदूरकडचे कारकून, रीव्याचे कारकून, भोपाळचे आणि आमचे, सगळे एका यादीत बसवले, कोण नोकरीत जुना, कोण नवा असा क्रम लावला, आणि कौतिकरावांच्या कचेरीत ठरलं की पहिले दहा इथं राहतील, खालचे भोपाळला जातील. कौतिकरावांचा नंबर कितवा? अकरावा.

आता अकरावा का? कौतिकराव एक्केचाळीस साली चिकटले, दहाव्या नंबरचा गृहस्थ त्रेचाळीस साली, मग तो वर कसा? कुणाला विचारणार? बऱ्हाणपुरातच राजपुऱ्यात राहतं घर, घरात आई धुरपदाबाई, तिची नजर जवळजवळ गेलेली, पण विहिरीपासून देवळापर्यंतचा दगड न दगड तिच्या पायांना पाठ. ती म्हातारी भोपाळात कुणाचा हात धरून चालणार? कौतिकरावांना त्या महिन्यात झोप म्हणून नव्हती.

आणि अशात हरकती ऐकायला आले चतुर्वेदीसाहेब. ग्वाल्हेरकडचे, गोरेपान, आठ दिवस डाक बंगल्यावर मुक्काम. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाले, 'भई, आपके यहाँ का बैंगन का भरता बहुत सुना है.' झालं. कौतिकराव पुढं सरसावले, 'साहब, इतवार को बहादरपूर चलिए, दोस्त का केले का बगीचा है, वहीं बनवाएँगे.' साहेब म्हणाले, 'चलेंगे, मगर एक बात है, धुआँ हमसे बर्दाश्त नहीं होता. आँखें सूज जाती हैं.'

आता बिनधुराचं भरीत कसं करायचं? पळाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, ती पेटली की अर्धं बहादरपूर खोकतं. आणि नेमकं तेव्हा कौतिकरावांना त्यांच्या साडूचं बोलणं आठवलं. साडू खंडव्याला रेल्वेत. त्यानं एका जुन्या गार्डाच्या अंगणात पाहिलेलं, पत्र्याचं उभं नळकांडं, आत खालून चार बोटांवर जाळी, जाळीखाली कागद, जाळीवर कोळसा, खालून काडी लावायची आणि लांब उभं राहायचं. फुंकणं नाही, पंखा नाही. पाव तासात सगळा कोळसा लाल, तो ओतायचा खड्ड्यात, वर वांगी मांडायची. आपोआप पेटतं, फक्त हात लावायचा नाही.

कौतिकराव तडक सुकलालकडे. सुकलाल पत्र्याचं काम करायचा, चाळण्या, कंदील, पोहऱ्यांना डाग देणं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'बाबूजी, भट्टीला बूड नाही, वरून झाकण नाही, मग यात भट्टीचं काय राह्यलं?' पण बनवून दिलं. तेलाचा डबा कापला, खाली भोकं पाडली, जाळी बसवली, धरायला पत्र्याच्या पट्टीत बसवलेली लाकडी मूठ लावली. ती पट्टी डब्याला चांगली डाग देऊन पक्की केली, म्हणजे कथील वितळवून चिकटवली. कथील. हे कौतिकरावांना कळायला नको होतं का? पण ते कारकून, त्यांना कथलाचं काय माहीत?

रविवारी अकराच्या सुमारास मळ्यात सगळी तयारी. मोतीलालनं, म्हणजे त्या मळेवाल्या दोस्तानं, खड्डा खणलेला, मनकर्णाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून ओळीनं ठेवू लागलेल्या, वांगी अशी की एकेक तान्ह्या मुलाएवढं. कौतिकरावांनी जुने हिशेबाचे कागद चुरगाळून खाली कोंबले, कोळसा भरला, काडी लावली आणि दोन हात मागं बांधून उभे राहिले. आणि काय झालं? धूर. पांढरा, घट्ट, नळकांड्याच्या तोंडातून सरळ वर. साडूनं हे सांगितलंच नव्हतं, की पहिली पाच-सात मिनिटं कागद धुमसतो. आणि त्याच पाच-सात मिनिटांत साहेबांची जीप बांधावर आली.

साहेब उतरले, धूर पाहिला, नाकाला रुमाल लावला, 'अरे भई, ये क्या?' म्हणाले आणि केळीच्या ओळींत शिरले ते दिसेनासे झाले. मोतीलाल जवळ येऊन हळूच म्हणतो, 'कौतिकभाऊ, फुंकू का?' 'नको.' 'मग घासलेट टाकू?' 'नको.' 'मग उलटं करू का?' 'मोतीलाल, ते आपोआप पेटतं, हात लावायचा नाही,' असं कौतिकराव म्हणाले खरे, पण आवाज असा आला की मनकर्णाबाईंनी भाकरी सोडून मान वर केली. त्यांनी नुसता पदर कंबरेला खोचला आणि पळाट्यांच्या ढिगाकडं पाहिलं. कौतिकरावांना वाटलं, संपलं. अकरावा नंबर कायमचा. आता घरी जाऊन आईला काय सांगायचं?

आणि तेवढ्यात नळकांडं घुमायला लागलं. खरंच, हलका घुम्म आवाज, धूर विरला, वर निळी ज्योत नाचायला लागली, मग वरचे कोळसेसुद्धा कडेनं पांढरे पडायला लागले. धुराचा मागमूस नाही. साहेब केळीच्या पानांतून डोकावले, मग चार पावलं आले, मग रुमाल खिशात घालून अगदी जवळ. 'कमाल है,' म्हणाले, 'किसी ने फूँका भी नहीं?' कौतिकरावांची छाती अशी फुगली. 'नहीं साहब. अब देखिए,' म्हणाले, वाकले, मूठ धरली, नळकांडं खड्ड्यावर उचललं…

त्या आचेपुढं कथील किती वेळ धरणार हो? मूठ कौतिकरावांच्या हातात राहिली आणि नळकांडं सुटलं, खड्ड्याच्या काठावर आपटलं, आडवं झालं, आणि सगळे लालभडक कोळसे सर्रकन खड्ड्यात, बरोब्बर मधोमध, एक खडा इकडं नाही की तिकडं नाही. रिकामं नळकांडं गडगडत बाजूला जाऊन पडलं. कौतिकराव हातात मूठ घेऊन उभे, चेहरा केळीच्या गाभ्यासारखा पांढरा.

साहेब टाळ्या वाजवायला लागले. 'वाह, वाह, क्या तरकीब है, हैंडल अलग हो गया, हाथ भी नहीं जला. ये आपने सोचा?' आता काय सांगणार? खरं सांगायचं होतं, तुमची शपथ सांगायचं होतं, पण मोतीलालनं मागून कोपर मारलं आणि कौतिकरावांच्या तोंडून निघालं, 'जी साहब.'

मग काय विचारता, वांगी भाजली, ठेचा पडला, कांद्याची पात पडली, साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या, मनकर्णाबाईंना हात जोडले. दुसऱ्या दिवशी कौतिकरावांची हरकत ऐकायला साहेबांना दोन मिनिटं लागली. एक्केचाळीस सालचा नेमणुकीचा कागद पाहिला आणि म्हणाले, 'बिलकुल ठीक कहते हैं आप.'

पंधरा दिवसांनी हुकूम आला. कौतिकरावांनी तो दारातच फोडला, मोठ्यानं वाचला, 'क्रमांक सात.' मनकर्णाबाईंनी साखर काढायला डबा उघडला, धुरपदाबाईंनी ओट्यावरूनच हात जोडले. आणि कौतिकराव पुढं वाचायला लागले, आवाज बारीक बारीक होत गेला. साहेबांची खास शिफारस होती. असा हुशार, कल्पक माणूस खाली ठेवून चालणार नाही, त्याला भोपाळच्या मुख्य कचेरीत, स्वतः साहेबांच्या हाताखाली घेण्यात येत आहे. आठवा, नववा, दहावा, आणि सातव्याची जागा रिकामी झाल्यानं आता वर सरकलेला अकरावासुद्धा, सगळे बऱ्हाणपुरात. वरच्यांतून जाणार एकटा सातवा.

खाली साहेबांच्या हातची एक ओळ वेगळी होती, येताना ते यंत्र आणावं, रविवारी बंगल्यावर चार-सहा मंडळी असतात.

धुरपदाबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, 'मी येते बापा. फक्त पायऱ्या कमी असलेलं घर पाह्य.' मनकर्णाबाईंनी साखरेचा डबा बंद केला, नवऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, 'मग, आता काय करता?'

कौतिकराव हुकमाची घडी घालत म्हणाले, 'काय करणार? भोपाळला कोळसा बाभळीचा मिळतो का सागाचा, ते लिहून विचारतो.'