रकाना क्रमांक नऊ

भाऊ : आठ झाला. आता नऊ. ‘आपत्प्रसंगी कोणास कळवावे.’

बहीण : माझं नाव घाल.

भाऊ : पुढे कंस आहे. ‘सोबत मुक्कामास नसलेली व्यक्ती.’

बहीण : मग तुझं घाल.

भाऊ : बेबी, मीही सोबतच आहे.

बहीण : हो की. दोघांनीच जायचंय हे डोक्यात बसतच नाही. सकाळपासून एकच घोर, आईजवळ कोणाला बसवायचं.

भाऊ : आईला जाऊन अकरा महिने झाले.

बहीण : ते तुला कळलंय, मला कळलंय, माझ्या कानांना कोणी कळवलेलं नाही. अजून रात्री दोनला उठते, तिची कूस बदलायला. पलंग रिकामा. मग उठल्यासारखं स्वतःचीच कूस बदलते आणि पडून राहते.

भाऊ : म्हणून तर केबिन. डोंगर, दाट जंगल, दोन रात्री.

बहीण : मला डोंगरही नको नि जंगलही नको. आई जिथे कधी झोपली नाही अशी एक खोली हवी. ती डोंगरावरच मिळत असेल तर चढते डोंगर.

भाऊ : फॉर्म पाचच्या आत वनखात्याच्या खिडकीत पडला तर. नाहीतर केबिन पुढच्या माणसाला. आपली पाळी मग आठ महिन्यांनी.

बहीण : किती वाजले?

भाऊ : चारला दहा कमी.

बहीण : सोड मग तो एक रकाना.

भाऊ : सोड? छत्तीस वर्षं सरकारी छापखान्यात फॉर्म जुळवले मी. रिकामा रकाना म्हणजे मेलेला फॉर्म. आणि हा कंस बघितलास? असले कंस मी स्वतः हौसेने सुचवायचो. साहेब खूश व्हायचे.

बहीण : भोग आता.

भाऊ : त्या पिशवीत काय कोंबतेयस एवढं?

बहीण : थर्मामीटर, गरम पाण्याची पिशवी, मेणकापड, बेडपॅन.

भाऊ : बेडपॅन?

बहीण : हाताची सवय. काढते.

भाऊ : थांब. सूचनापत्रात लिहिलंय, ‘शौचालय केबिनपासून साठ पावलांवर आहे.’ आणि लगेच पुढची ओळ, ‘अंधार पडल्यावर अस्वलांपासून सावध राहावे.’

बहीण : मग?

भाऊ : राहू दे बेडपॅन.

बहीण : तू नऊचं बघ.

भाऊ : शेजारच्यांचं घालू?

बहीण : गच्चीच्या चावीवरून सात वर्षं अबोला आहे.

भाऊ : अगदीच अबोला नाही. ते मांजराकडे बघून आपल्याला ऐकवतात.

बहीण : मग मांजराचं घाल.

भाऊ : धाकट्या काकांचा मुलगा?

बहीण : तो गेला ना गेल्या वर्षी.

भाऊ : गेला? मला कसं कोणी सांगितलं नाही?

बहीण : सांत्वनाचं पत्र तूच लिहिलंस.

भाऊ : हो हो. ते चांगलं उतरलं होतं. बरं, दातांचे डॉक्टर?

बहीण : तुझे दात गेले तेव्हाच ते नातं संपलं.

भाऊ : केस कापणारा?

बहीण : त्याला आपण काय कळवायचं! आपत्ती यायच्या आधीच तो गल्लीभर करेल.

भाऊ : मग राहिलं कोण?

बहीण : आई अंथरुणाला खिळली तेव्हापासूनच्या चौदा वर्षांत या घरात आलं कोण, ते सांग. डॉक्टर आले ते आईचे. नातेवाईक आले ते आईला बघायला. आपण चहाचे कप घेऊन उभे होतो, म्हणून जाता जाता आपणही दिसलो असू.

भाऊ : चष्मा कुठे ठेवला मी?

बहीण : डोळ्यांवर आहे. दादा, राहू दे. नको जाऊया. काही झालं तर कळवायला माणूस नाही, मग ते व्हायला डोंगरावर कशाला जायचं? इथेच होऊ दे. इथे निदान सामान हाताशी आहे.

भाऊ : पिशवी रिकामी करू नकोस. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून तो नंबर आहे अजून. निळ्या पेनने लिहिलेला.

बहीण : नर्सबाईंचा? काम संपलं त्यांचं. आता कशाला त्रास? आणि नाव काय घालशील?

भाऊ : नर्सबाई.

बहीण : ते नाव झालं?

भाऊ : सहा वर्षं या टेबलावर आपल्याबरोबर जेवल्या त्या.

बहीण : हो. आमटी जास्त झाली की ‘नर्सबाई, घ्या ना अजून.’ त्यापुढे कधी गेलो आपण?

भाऊ : पहिल्या दिवशी विचारायचं राहून गेलं. महिन्याने विचारायला संकोच वाटला. वर्षाने तर लाजच.

बहीण : लाव फोन. स्पीकरवर टाक.

नर्स : बोला दादा. कोण पडलं?

भाऊ : कोणी नाही पडलं.

नर्स : ताई कुठेयत?

बहीण : इथेच आहे. बरी आहे मी.

नर्स : मग फोन कसला? अकरा महिन्यांत एक नाही, आणि आज आला तोही धडधाकट माणसांचा! आज परत रात्रपाळी आहे, आत्ता कुठे डोळा लागत होता. पटकन सांगा.

भाऊ : उपरोक्त विषयास अनुसरून…

नर्स : ताई, तुम्ही सांगा.

बहीण : आम्ही दोन रात्री जंगलात राहायला चाललोय. लाकडी केबिन आहे. फॉर्मवर लिहायचंय, आम्हाला काही झालं तर कोणाला कळवायचं. तुमचा नंबर घातला तर चालेल? नाही म्हणालात तरी राग नाही.

नर्स : घाला की.

भाऊ : तुमच्या डोक्याला उगाच ताप…

नर्स : माझा फोन रोज उगाचच वाजतो, दादा. एखाद्या वेळी कारणाने वाजेल.

भाऊ : आणि, ते… पूर्ण नाव लागतं.

नर्स : कोणाचं?

बहीण : तुमचंच. आम्हाला माहीत नाही हो, बाई.

नर्स : मला माहितीये, तुम्हाला माहीत नाही ते. सहा वर्षं बघत होते, आधी कोण विचारतंय. आजी विचारायच्या. रोज विचारायच्या, रोज विसरायच्या. पण विचारायच्या. घ्या लिहून.

(ती नाव सांगते. भाऊ दोनदा विचारून, जोडाक्षरासकट नीट लिहून घेतो.)

बहीण : चुकलंच आमचं.

नर्स : चुकलं तर चुकलं. ताई, रात्री दोनला जाग येते अजून?

बहीण : तुम्हाला कसं कळलं?

नर्स : सुट्टी असली की मलाही येते.

भाऊ : बाई, फार उपकार झाले तुमचे. असं एकाएकी तुम्हाला…

नर्स : उपकार कसले! तीन वर्षांपूर्वी मी पंधरा दिवस आले नव्हते, आठवतं?

बहीण : भाचीच्या लग्नाला गेला होतात.

नर्स : मला भाची नाही. ऑपरेशन होतं. तिथेही असाच फॉर्म असतो. मी तुमच्या घरचा नंबर दिला होता. विचारलं नव्हतं.

बहीण : पण आम्हाला कोणाचाच फोन आला नाही.

नर्स : म्हणजे ऑपरेशन नीट झालं.

भाऊ : बाई, अजून एकच. नऊच्या खाली एक चौकट आहे. ‘नाते.’ तुम्ही… तेव्हा तुम्ही काय लिहिलं होतंत?

नर्स : ‘घरचे.’ कोणी काही विचारलं नाही.

बहीण : झोपा तुम्ही आता. दादा, लिही.

भाऊ : चौकट फार लहान ठेवलीय गं.

बहीण : मावतं. लिही तू.