फुकटची तपासणी

मी मूळची हिंगणघाटची, ताई. बाबा तिथं सूतगिरणीत होते, आम्ही चौघी बहिणी, अन् चौघींत बडबडी मीच, तर बाबा म्हणायचे हिले वकिलाच्या घरी द्या. दिलं डिप्लोमावाल्याच्या घरी. आमचे हे, प्रकाशराव, इलेक्ट्रिकलचं शिकलेले, अन् स्वभावानं इतके गरीब की हॉटेलात भाजी खारट निघाली तरी मुकाट्यानं खातील. नागपूर झालं, पुणं झालं, मंग पोरगी लहान असतानाच आम्ही इकडे कॅनडाले आलो. पह्यले मिल्टनले एका बेसमेंटमधी राह्यलो, खिडकीतून नुसते लोकायचे बूट दिसायचे. मंग इथं केंब्रिजले यांना गाड्यांच्या सीटा बनवायच्या कारखान्यात काम लागलं, अन् मी कोर्स करून म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममधी लागली. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं, हेच काम. तिकडे नातेवाइकांना वाटते कॅनडात गेली म्हणजे ऑफिसातच बसत असंन. पण मले आवडायचं हो ते काम. तिथं एक गोरी आजी होती, माह्याच हातची ओटमील खायची, दुसरं कोणी भरवाले आलं की तोंड घट्ट मिटून घ्यायची.

मंग यांच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस, तेबी बाजूच्या किचनर गावच्या हॉस्पिटलात. यांचा कारखाना सुटला. आता कमावणारी मी अन् गाडी चालवणारी बी मीच. माही शिफ्ट पहाटेची, त्या वेळेले बस राहत नाही, अन् नर्सिंग होम पार गावाच्या टोकाले. शिफ्ट सुटली की तशीच घरी यायचं, यांना घ्यायचं, किचनरले सोडायचं, तिथंच बसायचं, अन् घेऊन यायचं. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा होतो, ताई, त्याले कोणाच्या आधारानं चालवत नेऊन गाडीत बसवा लागते. आमची गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली, पण तिच्यावरच सगळं चालू होतं.

तर एक दिवस गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. तुमच्या मॉडेलमधी मागच्या चाकाले धरून ठेवणारा एक दांडा असते, इथं रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात न, त्या मिठानं तो सडू शकते, चालत्या गाडीत तुटू शकते, तर शोरूमले फोन करा, फुकटात बदलून देऊ. मी लगेच फोन केला. तारीख भेटली. तारीख जवळ आली तर त्यांचाच फोन, पार्ट आला नाही, पुढची घ्या. पुढची घेतली. तेबी गेली. पानं गळून गेली, मी विंटर टायर लावले, तरी पार्टचा पत्ता नाही. अन् गाडी चालवायची म्हणजे रोज हायवेवर ट्रकांच्या मधून, बाजूले हे डोळे मिटून बसलेले, अन् माह्यं अर्धं ध्यान मागच्या चाकात. खट्ट झालं की माही नजर आरशात.

आमची पोरगी मृणाल, तिकडे दूर टोरांटोत, नॉर्थ यॉर्कले नोकरी करते, तिनं कंपनीच्या वेबसाइटवर शोधलं. मराठी समजते तिले, पण बोलते इंग्रजीत. मॉम, म्हणे, अपॉइंटमेंट डिले झाली तर तुम्हाला फ्री इन्स्पेक्शन मागता येते, तो दांडा किती सडला ते पाहून सांगतात, जस्ट आस्क. जस्ट आस्क. शोरूमले फोन लावला, काउंटरवर पंजाबी पोरगा, त्याच्याशी मी हिंदीत बोलली, तर म्हणे आंटीजी, ऐसा कुछ नहीं है. कंपनीले फोन लावला. तिथली बाई मोठी गोड, म्हणे अगदी बरोबर आहे तुमचं, शोरूमले सांगा. शोरूम म्हणे कंपनीनं आम्हाले काही कळवलं नाही. असं करत करत पहिला बर्फ पडला. हे म्हणायचे, शोभा, कायले भांडते, येईन पार्ट तेव्हा येईन. मी म्हटलं, भांडत नाही, मागून रायली. लिहून ठेवलं आहे त्यांनीच.

शेवटी एका डायलिसिसच्या दिवशी यांना घेऊन सरळ शोरूमलेच गेली अन् तिथल्या सोफ्यावर बसली. म्हटलं, गाडी पाहिल्याशिवाय आज उठत नाही. मॅनेजर आला, मी त्याले मोबाइलवर त्यांचंच पान दाखवलं. आत जाऊन कोणाशी तरी बोलला अन् येऊन म्हणे, चाबी द्या. ताई, खोटं नाही सांगत, असा आनंद झाला मले. आमचे हे हॉटेलात खारट भाजी खाणारे, अन् मी कंपनीकडून हक्काची गोष्ट घेतली.

थोड्या वेळानं मिस्त्रीनं मले आत बोलावलं. म्हातारा पोर्तुगीज माणूस, हात काळे. गाडी वर लिफ्टवर चढवलेली. त्यानं तो दांडा दाखवला अन् पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टोचला, तर पापडासारखे तुकडे खाली पडले, अन् पेचकस आरपार. त्यानं पेचकस खाली ठेवला. मंग हळूच म्हणे, मी माह्या बायकोले यात बसवलं नसतं.

बाहेर आली तर मॅनेजरनं कागद पुढे केला. गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची नाही, न्यायची असंन तर आपल्या जबाबदारीवर, इथं सही करा. नाही तर पार्ट येईपर्यंत गाडी इथंच राहीन. मी म्हटलं, मंग मले दुसरी गाडी द्या तोवर, माह्या नवऱ्याचं डायलिसिस आहे, आज आहे, आत्ता आहे. त्याचं तोंड काही वाईट नव्हतं, ताई, साधा माणूस वाटत होता. पण तो म्हणे, तुम्ही तपासणी मागितली मॅडम, ती आम्ही केली. दुसरी गाडी त्याच्यात येत नाही.

पेन माह्या हातात होता. सही करायची अन् हळूहळू न्यायची गाडी, इतके महिने चालवलीच न, असंच मनात चालू होतं माह्या. तेवढ्यात हे सोफ्यावरून उठले. उठून उभं राहणंसुद्धा त्यांना जड, पण भिंतीले धरून माह्यापाशी आले अन् म्हणाले,

"सही करू नको. तू पहाटे एकटी जाते या गाडीत."

बस एवढंच. मी पेन खाली ठेवला, अन् आम्ही टॅक्सी बोलावली.

मंग काय झालं ते काय सांगू तुम्हाला. पह्यले आठवडे सगळे धावून आले, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर सगळे म्हणे काकू आम्ही आहोत. होतेबी. पण ज्याच्या त्याच्या नोकऱ्या, ज्याचे त्याचे लेकरं, कोणाचं ऑफिस टोरांटोले. हळूहळू मेसेज टाकाचीच लाज वाटाले लागली. हॉस्पिटलची पेशंट ने-आण करायची गाडी सांगितली, तर ती कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही. एकदा तर हे डायलिसिस करून दरवाज्यात तिची वाट पाहत थंडीत बसले ते पार कुडकुडले, मंग फुप्फुसात इन्फेक्शन, मंग तिथंच ॲडमिट. तेव्हापासून चालणं गेलं त्यांचं. वॉकर लागते आता.

अन् पहाटेची टॅक्सी रोज कुठून परवडणार. उशीर व्हाले लागला. सुपरवायझर म्हणे, शोभा, तू चांगली आहेस, पण म्हाताऱ्यांना वेळेवर उठवायला माणूस लागते. माही शिफ्ट काढून घेतली, बोलावू तेव्हा ये म्हणे. बोलावणं कमी होत होत बंदच झालं. त्या आजीले कोण भरवते आता, मले माहीत नाही. विचाराले फोन बी नाही केला मी. कायले करू.

पार्ट आला, बर्फ वितळल्यावर. दांडा बदलून दिला, गाडी धुऊनबी दिली वरून, चकचकीत. मॅनेजर म्हणे थँक यू फॉर युअर पेशन्स. मी चाबी घेतली अन् निघाली. कोणावर चिडू, तेच समजेना. तपासणी खोटी नव्हती. त्या मिस्त्रीनं तर माहा जीव वाचवला असंन, त्याले देव सुखी ठेवो, हे मी मनापासून म्हणते. पण जे वाचलं त्याच्यात अन् जे गेलं त्याच्यात माह्या मनात हिशेब लागत नाही.

आता मी इथल्याच ग्रोसरीच्या किचनमधी भाज्या कापते, पायी जाता येते. गाडी फक्त किचनरसाठी निघते. हे दिवसभर खिडकीपाशी बसून राहतात, मी आली की विचारतात, थकली का. मी नाही म्हणते.

मागच्या आठवड्यात मंडळातल्या स्नेहलचा फोन आला, नागपूरची पोरगी, सॉफ्टवेअरमधी आहे. तिच्याजवळ तीच गाडी, तिचीबी तारीख पुढे गेली. काकू, म्हणे, ते फ्री इन्स्पेक्शन मागू का मी? मी तिले विचारलं, ऑफिसले रोज जावं लागते का तुले? नाही काकू, म्हणे, मी घरूनच काम करते.

मंग खुशाल माग, म्हटलं. सुखी राह्य.